कांद्याचा फेस विरेपर्यंत

दोन किलो कांदे सोलायला मला आता वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला पाऊण तास लागायचा आणि त्यातला निम्मा वेळ डोळे पुसण्यात जायचा. कांदा उभा चिरा, आडवा चिरा, जाडाभरडा राहू दे, काही बिघडत नाही. फक्त देठाकडचा चिवट भाग आणि सालीखालचा कागदासारखा पापुद्रा राहता कामा नये. तो मिक्सरमध्येही नीट वाटला जात नाही, मग सगळं गाळत बसावं लागतं.

महिन्यातल्या एखाद्या शनिवारी इलफर्डच्या आमच्या घरात हा घाट घातला जातो. इलफर्ड म्हणजे पूर्व लंडन. पातेलं गॅसवर चढायच्या आत बायको सगळ्यांचे कोट आणि स्वेटर वरच्या खोलीत नेऊन दार लावून घेते. उकडत्या कांद्याचा वास एकदा लोकरीत शिरला की सोमवारी ऑफिसपर्यंत सोबत येतो.

यातून जे तयार होतं त्याला इथले जुने स्वयंपाकी नुसतं 'ग्रेव्ही' म्हणतात. घरी करून बघणारे 'बेस ग्रेव्ही' म्हणतात. ब्रिटनमधल्या करी हाउसमध्ये मेनूकार्डावर साठ-सत्तर पदार्थ असतात आणि ऑर्डर दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ताट पुढ्यात येतं, ते या ग्रेव्हीच्या जिवावर. कोर्मा घ्या, मद्रास घ्या, भुना, डोपियाझा, विंदालू, काहीही घ्या, डाव त्याच एका पातेल्यात बुडतो.

2011 साली मी इथे नोकरीला आलो. पहिल्याच आठवड्यात ऑफिसमधली मंडळी मला मोठ्या प्रेमाने अशा एका ठिकाणी घेऊन गेली. मी वेंगुर्ल्याचा. तेरेखोलची खाडी ओलांडली की पलीकडे गोवा. त्यामुळे कार्डावर 'विंदालू' दिसल्यावर मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. समोर आला तो लालभडक, जाळ तिखट रस्सा आणि त्यात बटाटा. गोव्याच्या विंदालूत बटाट्याचं काय काम? पोर्तुगीजांकडे वाइन आणि लसूण घालून मुरवलेलं मांस असायचं, त्याचं नाव 'विन्या द'आल्योश'. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, मिरची आली, आणि त्या पोर्तुगीज नावाचं विंदालू झालं. इंग्लंडात नावातला 'आलू' ऐकून कुणीतरी बटाटा घातला, असं सांगतात. इथे विंदालू म्हणजे तिखटाच्या शिडीची वरची पायरी. खाली कोर्मा, मध्ये मद्रास, त्यावर विंदालू.

त्या रात्री घरी येऊन मी आईला फोनवर सांगितलं, इथे सगळं खोटं आहे, एकाच रश्शात रंग बदलून वाढतात. पुढे कितीतरी वर्षं मी हेच बोलत राहिलो. महाराष्ट्रातून नवीन कुणी आलं की मोठ्या अधिकाराने सांगायचो, करी हाउसमध्ये जाऊ नका. आज त्याचं मनापासून वाईट वाटतं. मी ताटातलं खाल्लंच नव्हतं, कार्डावरच्या नावाशी ताडून बघत होतो.

नावांचं म्हणाल तर त्या कार्डावर आपल्या किनाऱ्यावरची मंडळी बरीच आहेत. डाळीत शिजवलेल्या मटणाचं धनसाक आहे, पाथिया, म्हणजे मूळचा पातियो, आहे. दोन्ही पारशी घरांतली. मुंबईतल्या पारशी घरात धनसाक रविवारी होतं, आणि घरात मृत्यू झाला तर चौथ्या दिवशी होतं, म्हणून शुभकार्याला ते कुणी करत नाही. पातियोचं उलटं. सणासुदीला, वाढदिवसाला पांढरा भात, पिवळं वरण आणि मासळीचा आंबटगोड पातियो. इंग्लंडातल्या कार्डावर ही दोन नावं एकमेकांखाली छापलेली असतात. धनसाकमध्ये डाळ टिकून आहे, पाथियात आंबट-गोड-तिखट टिकून आहे, बाकीचं समुद्रात कुठेतरी गळालं.

आणि ही नावं ज्यांच्या हातांनी शिजतात ते हात बहुतेक वेळा बांगलादेशातल्या सिल्हेटचे असतात. ब्रिटनमधली 'इंडियन' म्हणवणारी बहुतांश रेस्टॉरंट्स बांगलादेशी लोकांनी चालवली, आणि त्यातलेही बरेचसे सिल्हेटकडचे. ब्रिटिश जहाजांवर बॉयलरपुढे कोळसा ओढायला तिकडची पोरं कोलकाता बंदरातून भरती व्हायची. त्यातली काही लंडनच्या गोदीत उतरली ती परत चढलीच नाहीत. कुणी हॉटेलात भांडी घासली, कुणी महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेलं कॅफे घेतलं आणि मासे-चिप्सच्या बाजूला भात-करी ठेवली. त्यांच्याही आधी, 1810 मध्ये, पाटण्याच्या शेख दीन महंमदने लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडलं होतं. दोन वर्षांत त्याचं दिवाळं निघालं. त्यानंतर 191 वर्षांनी, 2001 मध्ये, रॉबिन कुक हे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री भाषणात म्हणाले की चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ आहे. ते वाक्य इथे अजून सगळ्यांच्या तोंडी असतं. ज्या हातांनी तो पदार्थ रात्री अकरा वाजेपर्यंत शिजवला त्या हातांबद्दल मात्र फार कुणी बोलताना मला ऐकू आलं नाही.

असे एक हात आमच्या कुंपणापलीकडे राहतात.

आमची ओळख दुधी भोपळ्याने झाली. चाचांच्या परसात उन्हाळ्यात मांडव असतो, आणि एका ऑगस्टमध्ये त्यावरचा एक वेल सरळ आमच्या बाजूला उतरला. मी विचारायला गेलो तर म्हणाले, तुमच्याकडे आला तो तुमचा. तेव्हापासून मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला बेटा म्हणतात. आमची भाषा हिंदी. त्यांची सिनेमे बघून आलेली, माझी शाळेतली. मधल्या फटी इंग्रजीने बुजवतो. 1974 साली पंधराव्या वर्षी ते मामाबरोबर इथे आले आणि दुसऱ्याच दिवशी एका रेस्टॉरंटच्या तळघरात कांदे सोलायला बसले. पंचवीस किलोचं पोतं, रोज दोन पोती. दोन वर्षं फक्त कांदा. मग भात, मग तंदूर, आणि सातव्या वर्षी ग्रेव्हीच्या पातेल्याला हात लावायची परवानगी. त्या पातेल्याची चव बिघडली की सगळं कार्ड बिघडतं, त्यामुळे ते काम कुणा नवख्याकडे देतच नसत.

सहा वर्षांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला तिने हट्ट धरला की तिला करी हाउससारखंच चिकन मद्रास हवं, आणि घरी हवं. ती इथे जन्मलेली. तिच्यासाठी ती चव खोटी-बिटी काही नाही, ती शुक्रवारच्या रात्रीची चव आहे. मी माझ्या पद्धतीने लागलो. कांदा तेलात गडद तांबूस परतला, टोमॅटो घातला, तेल सुटेपर्यंत भाजला, वाटला, पाणी घालून उकळला. छान कोंबडीचा रस्सा झाला. मुलीने खाल्ला, म्हणाली, बाबा, हे आपल्या घरचं आहे. दुसऱ्या वेळी कांदा उकडायचा असतो एवढं ऐकून वीस मिनिटं उकडला आणि वाटला. ते तर कडूच झालं, वर कच्च्या कांद्याचा उग्र दर्प. सगळं पातेलं ओतून द्यावं लागलं. दोन किलो शिजलेलं अन्न टाकताना हात धजत नव्हता.

मग चाचांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, ''रंग आख़िर में, बेटा.''

या तीन शब्दांत सगळी विद्या आहे. आपल्या घरी रंग आधी येतो. कांदा भाजायचा, खोबरं भाजायचं, मसाला परतायचा, मग पाणी. त्यांच्याकडे क्रम उलटा. आधी कांदा पाण्यात, झाकणाखाली, मंद आचेवर, जराही रंग न येऊ देता पार विरघळवायचा. रंग आणि खमंगपणा आणायचा तो अगदी शेवटी, एका माणसापुरत्या पॅनमध्ये, दर खेपेला नव्याने. म्हणून सकाळी केलेली ग्रेव्ही रात्री अकरालाही ताजी लागते.

पुढच्या शनिवारी ते आमच्याकडे आले आणि ओट्यापाशी खुर्ची टाकून बसले. दोन किलो कांदा. एक गाजर, कोबीचा हातभर नव्हे, मुठीएवढा तुकडा, एक हिरवी ढोबळी मिरची, लसणीचे दोन गड्डे, दोन बोटं आलं. कोथिंबिरीची पानं मला बाजूला ठेवायला लावली आणि काड्या पातेल्यात. तेल पाव लिटर. माझा हात अडखळला तसे म्हणाले, घाल, त्यातलं बरंच वर येणार आहे, ते परत मिळेल. मीठ, थोडी हळद, आणि कांदा तीन हिस्से बुडेल इतकंच पाणी. कांदा स्वतःचं पाणी सोडतो. झाकण ठेवून सव्वा तास. मग टोमॅटोचा चारशे ग्रॅमचा डबा आणि दोन मोठे चमचे 'मिक्स पावडर', म्हणजे धणे, जिरं, हळद, पाप्रिका आणि इथली साधी करी पावडर एकत्र केलेली. पुन्हा अर्धा तास.

कांदा शिजला हे त्यांनी चमच्याने दाखवलं. पाकळी पातेल्याच्या कडेवर ठेवून चमच्याच्या पाठीने हलकेच दाबली. ती दबली नाही, पसरली. लोण्यासारखी. मी वीस मिनिटांत उतरवलेला कांदा मऊ झाला होता, पण बोटाला धागा लागत होता. तेवढ्या धाग्यातच कडूपणा राहतो. कांदा चिरला की त्यातली गंधकाची तिखट द्रव्यं मोकळी होतात, डोळ्यांना झोंबतात ती तीच. लांब उकळीत ती उडून जातात किंवा सौम्य होतात आणि मागे कांद्याची साखर राहते. अर्धवट शिजलेला कांदा वाटला तर ती द्रव्यं ग्रेव्हीतच कोंडली जातात.

वाटल्यावर लापशीसारखं दाट झालं. मला वाटलं झालं काम. चाचांनी दीड लिटर कढत पाणी ओतायला लावलं. इतकं पातळ? हो, दुधाइतकं. पॅनमध्ये ती आटणार असते, दाट घेतली तर आटायच्या आत करपते. मग परत मंद उकळी, आणि आता लक्ष ठेवायचं ते फेसावर. वाटताना हवा शिरलेली असते, त्यामुळे वर फिकट पिवळा, साबणासारखा फेस जमतो. पहिली दहा मिनिटं तो दाट असतो, मग मध्ये भोकं पडतात, मग तो कडेला सरकतो, आणि अर्ध्या तासाने बघावं तर फेस नाही, त्याच्या जागी केशरी तेलाचा तवंग. मिसळीवरच्या तर्रीसारखा. फेस असेपर्यंत ग्रेव्ही कच्ची, तवंग आला की उतरवायची. तो तवंग डावाने काढून बरणीत भरायचा आणि करी करताना साध्या तेलाऐवजी तोच वापरायचा. पाव लिटरपैकी बरंच खरोखर परत मिळालं.

एवढ्यातून साधारण पाच लिटर होते. तीनशे मिलिलिटरच्या डब्यात एक करी, म्हणजे सोळा-एक डबे. पातेलं गार पाण्याच्या टबात ठेवून पटकन निववायचं आणि त्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाकायचं. रात्रभर ओट्यावर ठेवू नये.

आता पॅन. चाचांनी त्यांचा स्वतःचा आणला होता. पातळ अॅल्युमिनियमचा, तळ काळा, दांडा कापडाने गुंडाळलेला. तवंगाचं तेल तीन चमचे, त्यात आलं-लसूण पेस्ट. तडतड कमी झाली की चिमूटभर कसुरी मेथी, दोन लहान चमचे मिक्स पावडर, मद्राससाठी मिरची पूड. वीस सेकंदं. लगेच पाण्यात सैल केलेली टोमॅटो प्युरी, नाहीतर मसाला जळतो. मग गॅस पूर्ण मोठा आणि एक डाव गरम ग्रेव्ही.

आणि मग हात बांधून उभं राहायचं. हे मला सगळ्यांत अवघड गेलं. रस्सा पॅनभर पसरतो, जोरात उकळतो, मध्ये छोटे छोटे खळगे पडतात, त्या खळग्यांच्या कडांना तेल चमकायला लागतं. माझा हात ढवळायला पुढे झाला तशी चाचांनी माझं मनगटच धरलं. पॅनच्या कडेला ग्रेव्हीची एक कड सुकत चालली होती, आधी पिवळी, मग तांबूस, मग जवळजवळ तपकिरी. करपेल आता, असं वाटलं त्या क्षणी त्यांनी माझं मनगट सोडलं. उलथन्याने ती कड खरवडून आत घेतली आणि सगळ्या स्वयंपाकघरात एकदम तो वास पसरला, करी हाउसचं दार उघडताच येतो तो. मुलगी जिना उतरून धावत खाली आली. मग आणखी दोन डाव, पुन्हा तसंच थांबणं, पुन्हा खरवडणं, हळदीत आधी शिजवून ठेवलेली कोंबडी, उरलेली ग्रेव्ही, लिंबू. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. घरच्या गॅसला हॉटेलच्या भट्टीची धग नसते म्हणून एका वेळी एकच वाटा करायचा. चार माणसांचं एकदम करायला गेलं की ते आटत नाही, नुसतं शिजत बसतं.

त्या रात्री आईला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिने विचारलं, ''आणि खोबरां नाय तर दाटपणा खयसून येतलो?'' कांद्याचाच, म्हटलं. ती थोडं थांबून म्हणाली, ''मगे तां वाटाणच झाला मा.''

आईने ते किती सहज ओळखलं. आमच्याकडे मे महिन्यात मुंबईची माणसं यायच्या आदल्या दिवशी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा मोठा गोळा तयार असायचा. त्यातलंच थोडं काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात, थोडं कोंबडीत, थोडं तिसऱ्यांत. एकाच गोळ्यातून आलेली तीन कालवणं, आणि कधी कुणी म्हटलं नाही की आई एकच रस्सा रंग बदलून वाढते. प्रत्येकाची चव वेगळी असायची, कारण पुढे त्या त्या भांड्यात ती वेगळं काही करायची. आपल्या शहरांतल्या पंजाबी हॉटेलांच्या मुदपाकखान्यातही हेच आहे. टोमॅटो-काजूची लाल ग्रेव्ही, उकडलेला कांदा, काजू आणि मगज बीची पांढरी, कांदा-टोमॅटोची तपकिरी. कार्डावरच्या निम्म्या भाज्या या तीन पातेल्यांतूनच निघतात.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आईला ही ग्रेव्ही करून खाऊ घातली. लाल कांद्याने करायला धीर होईना. इथला इंग्लंडातला कांदा मोठा, पाणीदार आणि गोडसर. आपला नाशिककडचा लाल कांदा त्याच्यापुढे फार तिखट. येताना पेणजवळ हायवेवर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या, भौगोलिक मानांकन मिळालेला तोच गोड कांदा. चार माळा घेतल्या. सव्वा तासाऐवजी पाऊण तासात कांदा पसरला. ग्रेव्ही इतकी गोड झाली की आईने न विचारता दोन आमसुलं टाकली. मला आधी रुचलं नाही. खाल्ल्यावर कळलं की ती बरोबर होती.

चाचांना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. आंबटाचं त्यांना वेड आहे. सिल्हेटमध्ये सातकरा नावाचं जाड सालीचं लिंबूवर्गी फळ होतं, त्याची साल मटणात घालतात. रेस्टॉरंटमध्ये अडतीस वर्षं कार्डावर त्यांनी ते एकदाही ठेवलं नाही. कार्डावर विंदालू, धनसाक, मद्रास. ज्या जागा त्यांनी कधी पाहिल्या नाहीत त्यांची नावं. त्यांचं स्वतःचं जेवण रात्री साडेअकरानंतर, गिऱ्हाइकं गेल्यावर. हाडासकट मटण, सातकरा, मिरची. त्याला ते 'स्टाफ करी' म्हणायचे. त्यात ग्रेव्हीचा एक थेंबही नसायचा.

त्यांच्या तिन्ही मुलांनी दुसऱ्या वाटा धरल्या, आणि ते म्हणतात की त्यासाठीच तर कांदे सोलले. रेस्टॉरंट त्यांनी 2012 मध्ये विकलं. मोठं ऐंशी लिटरचं पातेलं मात्र घरी आणलं. त्यात आता दुधीचं रोप लावतात. तळाला निचऱ्यासाठी भोकं पाडताना दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत, असं चाची सांगतात.

परवाच्या शनिवारी नवं पातेलं झालं. सोळा डब्यांपैकी दोन कुंपणावरून पलीकडे दिले. चाचांनी झाकण उघडून बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाले, दहा मिनिटं आधी उतरवलीस. मी परत येऊन पातेल्यात बघितलं. कडेला फेसाची एक बारीक रेघ होतीच.

संध्याकाळी चाची डबे परत घेऊन आल्या. रिकामे डबे त्याही देत नाहीत. एकात सातकऱ्याचं लोणचं होतं, दुसऱ्यात शुटकी, सुक्या मासळीचं भरीत, लसूण आणि लाल मिरची घालून चेचलेलं. झाकण काढलं आणि वेंगुर्ल्याच्या बंदरावर वाळत घातलेल्या सुकटाचा वास आला. मुलीने नाक मुरडलं नाही. मी भाताला आधण ठेवलं.